यादीतली नावं : हेलसिंकीपासून ग्लिनिके पुलापर्यंत



युद्धकैद्याच्या डोक्यावर कायद्याचं छत्र असतं. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार पकडणाऱ्या देशाला त्याचं नाव कळवावं लागतं, त्याला घरी पत्र लिहू द्यावं लागतं, रेड क्रॉसच्या लोकांना भेटू द्यावं लागतं आणि लढाई संपली की परत पाठवावं लागतं. आपला एखादा नागरिक परदेशात तुरुंगात पडला, तर आपल्या वकिलातीतला अधिकारी त्याला भेटायचा हक्क सांगू शकतो. १९६३ चा व्हिएन्ना करार त्यासाठीच आहे.

आता समजा, एखाद्या देशानं स्वतःच्याच नागरिकाला कोंडलं. त्यानं चोरी केली नाही, बॉम्ब टाकला नाही. आपल्याच सरकारनं मान्य केलेले हक्क लोकांना मिळतात की नाही, याच्या त्यानं नोंदी ठेवल्या. हा माणूस तुमचा सैनिक नाही आणि नागरिकही नाही. त्याच्यासाठी तुम्ही कोणत्या नात्यानं बोलणार? समोरचा सरळ म्हणतो, हा आमच्या घरातला मामला आहे.

आजचा विषय हाच आहे. तो समजून घेण्यासाठी मी १९७५ ते १९८६ हा काळ आणि सोव्हिएत संघ निवडलाय. हा सगळा खेळ तिथं एकाच पटावर दिसतो. जाहीर आवाज, बंद खोलीतलं बोलणं आणि पुलावरची अदलाबदल ही तिन्ही हत्यारं वापरली गेली, आणि तिन्हींची किंमत कोणीतरी मोजली.

सुरुवात हेलसिंकीपासून. १ ऑगस्ट १९७५. फिनलंडच्या राजधानीत ३५ देशांच्या प्रमुखांनी एका दस्तऐवजावर सह्या केल्या. जवळजवळ सगळा युरोप, शिवाय अमेरिका आणि कॅनडा. आपल्याकडे तेव्हा आणीबाणी लागून पाच आठवडे झाले होते आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. त्यामुळे माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना हेलसिंकी हे नाव पुढे कधीतरी पुस्तकातच भेटलं.

सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना या दस्तऐवजातून एकच गोष्ट हवी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात ज्या सीमा पडल्या, त्यांना सगळ्यांची मान्यता. ती मिळाली. त्या बदल्यात पाश्चात्य देशांनी काही कलमं घालून घेतली. दहा तत्त्वांपैकी सातवं तत्त्व मानवी हक्कांचं होतं. आणखी एका भागात ताटातूट झालेल्या कुटुंबांना भेटू देणं, माहितीची देवाणघेवाण, वार्ताहरांना काम करू देणं अशा गोष्टी होत्या. हा काही कायद्यानं बांधणारा करार नव्हता. मॉस्कोला वाटलं, असल्या शब्दांनी काय होतंय? त्यांनी तो पूर्ण मजकूर स्वतःच्या वर्तमानपत्रांत छापला. विजय म्हणून छापला.

आणि तो लोकांनी वाचला. त्या वाचणाऱ्यांत यूरी ओर्लोव्ह नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांचा विचार साधा होता. सरकारनं सही केलीय ना? मग सरकार ती पाळतं की नाही हे बघायला एक गट करू. १२ मे १९७६ रोजी साखारोव्ह यांच्या मॉस्कोतल्या घरी परदेशी वार्ताहरांना बोलावून त्यांनी गट जाहीर केला. सुरुवातीचे सदस्य अकरा. त्यांत साखारोव्ह यांच्या पत्नी येलेना बोनर होत्या, इतिहासकार ल्युदमिला अलेक्सेयेवा होत्या, अलेक्झांडर गिन्झबर्ग होते, इस्रायलला जाण्याची परवानगी नाकारला गेलेला तरुण गणिती अनातोली शारान्स्की होता आणि तुरुंगवासाची माणूस म्हणून साक्ष देणारा कामगार-लेखक अनातोली मार्चेन्को होता.

याच यादीत एक सेनाधिकारीही होते, त्यांच्याबद्दल मला दोन शब्द जास्त बोलायचेत. मेजर जनरल प्योत्र ग्रिगोरेन्को. महायुद्ध लढलेले, नंतर मॉस्कोच्या फ्रुन्झे लष्करी अकादमीत शिकवणारे. १९६१ मध्ये पक्षाच्या एका बैठकीत ते उठून बोलले, की सत्ता हाती असलेल्यांना जाब विचारायची सोय हवी. तिथून उतरण सुरू झाली. १९६४ मध्ये त्यांना वेडं ठरवून मनोरुग्णालयात टाकलं, हुद्दा काढून घेतला, निवृत्तिवेतन बंद केलं. पन्नाशी उलटलेल्या जनरलनं मग हमाली करून पोट भरलं. १९६९ मध्ये, घरादारातून हाकलल्या गेलेल्या क्रिमियन तातारांची बाजू घेतली म्हणून पुन्हा अटक, पुन्हा मनोरुग्णालय, तेही पाच वर्षं. सुटून दोन वर्षं झाली नाहीत तोच ते ओर्लोव्ह यांच्या गटात सामील झाले. नंतर मुलाला भेटायला आणि उपचारासाठी अमेरिकेला गेले, तर मागून सरकारनं नागरिकत्वच काढून घेतलं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना तपासलं आणि कोणताही मानसिक आजार नसल्याचं सांगितलं. मी आयुष्यभर गणवेश घातला. हुद्दा म्हणजे काय हे मला कळतं. तो गेल्यावरही ताठ राहणाऱ्या या माणसाला माझा सलाम.

तर हा गट करायचा काय? कोणाला नोकरीवरून काढलं, कोणाची पत्रं अडवली, कोणत्या छावणीत कैद्यांना किती उपाशी ठेवलं, कोणाला धर्मासाठी पकडलं, याची माहिती गोळा करायची. कार्बन कागद लावून टंकलेखन यंत्रावर प्रती काढायच्या. एक प्रत ब्रेझनेव्ह यांच्या कार्यालयाला, बाकीच्या सह्या करणाऱ्या देशांच्या मॉस्कोतल्या वकिलातींना, नोंदणीकृत टपालानं. टपाल पोचेना, तेव्हा वार्ताहरांच्या आणि वकिलातीतल्या लोकांच्या हाती द्यायला सुरुवात झाली. अशी १९५ टिपणं सहा वर्षांत निघाली. युक्रेन, लिथुएनिया, जॉर्जिया, आर्मेनिया इथंही असेच गट उभे राहिले.

यातली युक्ती लक्षात घ्या. आत्तापर्यंत बाहेरच्या देशाला बोलायला नातं नव्हतं. आता कागद होता, आणि त्यावर मॉस्कोचीच सही होती. अमेरिकेच्या संसदेतल्या मिलिसेंट फेनविक या सदस्या १९७५ च्या उन्हाळ्यात मॉस्कोला जाऊन अशा लोकांना भेटून आल्या होत्या. त्यांनी पाठपुरावा केला आणि जून १९७६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये हेलसिंकी आयोग स्थापन झाला. सह्या करणारे देश वचन पाळतात का, हे पाहणं हेच त्याचं काम. मॉस्कोत टाइप झालेल्या टिपणाला वॉशिंग्टनमध्ये आता एक टेबल मिळालं.

मॉस्कोनं काही महिने वाट पाहिली आणि मग झडप घातली. ३ फेब्रुवारी १९७७ ला गिन्झबर्ग, १० फेब्रुवारीला ओर्लोव्ह, १५ मार्चला शारान्स्की. शारान्स्कीवर ठेवलेला आरोप सगळ्यांत गंभीर होता, देशद्रोहाचा. त्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती. तो अमेरिकेच्या सीआयएसाठी हेरगिरी करतो असं सरकारी वर्तमानपत्रानं आधीच छापून टाकलं होतं.

अमेरिकेत नुकतेच जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष झाले होते. त्यांनी पहिलं हत्यार उचललं, जाहीर आवाज. फेब्रुवारीत त्यांनी साखारोव्ह यांना स्वतः पत्र पाठवलं. जूनमध्ये पत्रकार परिषदेत सांगितलं, की शारान्स्कीचा सीआयएशी कधीही संबंध नव्हता. ही लहान गोष्ट नाही. अमुक माणूस आमचा आहे किंवा नाही, असं नाव घेऊन हेरखात्याबद्दल कोणी राष्ट्राध्यक्ष सहसा बोलत नाही. एकदा एकाबद्दल नाही म्हटलं, की पुढच्या वेळी गप्प बसणंही उत्तर ठरतं.

आवाजाचा उपयोग झाला का? मे १९७८ मध्ये ओर्लोव्ह यांना सात वर्षं सक्तमजुरीची छावणी आणि त्यानंतर पाच वर्षं हद्दपारी झाली. जुलैमध्ये गिन्झबर्ग यांना आठ वर्षं, शारान्स्कीला तेरा. शारान्स्कीचा खटला चालू होता त्याच दिवसांत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स अण्वस्त्रांच्या मर्यादेवर बोलायला जिनिव्हात सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांना भेटत होते. भेट रद्द करा अशी मागणी झाली. व्हान्स यांनी ती रद्द केली नाही, पण तिथं ते शारान्स्कीची पत्नी अवितल हिला भेटले. कोर्टात परदेशी वकिलातीच्या लोकांना प्रवेश नव्हता, तरी ते बाहेर रस्त्यावर उभे राहत. आत जाता येत नाही हे माहीत असून उभे राहत. तिथं उभा असलेला एक परदेशी माणूस नातेवाइकांना आणि न्यायाधीशालाही सांगत असतो, की आम्ही मोजतोय.

काही श्रोते मनात म्हणत असतील, की अमेरिकेला मानवी हक्कांचा पुळका फक्त शत्रूच्या तुरुंगाबाबतच येतो. आक्षेप बरोबर आहे. त्याच काळात इराणच्या शहाचे तुरुंग भरलेले होते आणि शहा अमेरिकेचे मित्र होते. मोठी राष्ट्रं नीतीचा दिवा सोयीच्या कोपऱ्यातच लावतात. पण कोठडीतल्या माणसाच्या बाजूनं पाहा. आपलं नाव कोणत्या हेतूनं घेतलं जातंय, ही चैन त्याला परवडत नाही. घेतलं जातंय एवढंच त्याला पुरेसं असतं.

इथं मी माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. सीमेवर असताना मी फ्लॅग मीटिंगला बसलो आहे. चुकून हद्द ओलांडून गेलेला एखादा गुराखी, एखादा शेतकरी परत आणायचा असतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, तिथं मोठी घासाघीस होत असेल. प्रत्यक्षात पहिली लढाई फक्त एका वाक्याची असते. समोरच्यानं म्हणायला हवं, की होय, या नावाचा माणूस आमच्याकडे आहे. तोवर तो कुठेच नसतो. नाव कबूल झालं, त्यांच्या वहीत आणि आपल्या वहीत ते एकाच तारखेला चढलं, की त्या माणसाला नाहीसं करणं अवघड होतं. भारत आणि पाकिस्तान २००८ च्या करारानुसार दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात. संबंध कितीही बिघडलेले असोत, यादी जाते. तेवढ्यासाठीच मी म्हणतो, मुत्सद्देगिरीचं या बाबतीतलं पहिलं काम सुटका हे नाही. नाव जिवंत ठेवणं हे आहे.

हेलसिंकीनंतर सह्या करणारे देश काही वर्षांनी पुन्हा जमून आढावा घेत. पहिली बैठक बेलग्रेडला, १९७७-७८ मध्ये. अमेरिकेचे प्रतिनिधी आर्थर गोल्डबर्ग यांनी तिथं कैद्यांची नावं घेतली. मित्रदेशही अवघडले. समोरच्याचं नाव घेऊन बोलणं म्हणजे पंगतीत भांडण काढण्यासारखं, असं तेव्हाच्या मुत्सद्द्यांना वाटे. शेवटच्या मसुद्यात मानवी हक्कांवर काही ठोस आलं नाही. दुसरी बैठक माद्रिदला, नोव्हेंबर १९८० ते सप्टेंबर १९८३. तोवर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या आणि साखारोव्ह यांना गोर्की शहरात नजरकैदेत टाकलं होतं. आता नावं घेणारे देश वाढले. पण सप्टेंबर १९८२ मध्ये मॉस्कोतल्या गटानं काम थांबवल्याचं जाहीर केलं. बाहेर मोकळे असे तीनच सदस्य उरले होते. बाकीचे तुरुंगात, हद्दपारीत किंवा परदेशात. बाहेर नावांची यादी वाढत होती आणि आत ती बनवणारे संपत होते.

आता दुसरं हत्यार, बंद खोलीतलं बोलणं. १९७८ च्या जूनमध्ये सैबेरियातल्या दोन ख्रिस्ती कुटुंबांतले सात जण पहारेकऱ्यांना चुकवून मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीत घुसले. धर्मपालनासाठी देश सोडायची परवानगी त्यांना मिळत नव्हती. त्यांच्यातले बहुतेक जण पुढची जवळपास पाच वर्षं वकिलातीच्या तळघरात राहिले. फेब्रुवारी १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना बोलावून घेतलं. त्यांच्या बोलण्याचा मतितार्थ असा होता, की यांना जाऊ द्या, मी जाहीर बढाई मारणार नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत ती कुटुंबं देशाबाहेर पडली. रेगन यांनी शब्द पाळला. जो राष्ट्राध्यक्ष सोव्हिएत संघावर जाहीरपणे सर्वांत कडक बोलत होता, त्यानं या एका बाबतीत तोंड मिटलं. समोरच्याला मागे हटायचं असेल तर पायवाट ठेवावी लागते, हे आम्हाला लष्करातही शिकवतात.

माद्रिदमध्ये अमेरिकेचे प्रतिनिधी मॅक्स कॅम्पलमन यांनीही असंच केलं. सभागृहात ते नावं घेत आणि बाहेर सोव्हिएत शिष्टमंडळातल्या केजीबीच्या अधिकाऱ्याशी शारान्स्कीबद्दल बोलत. एक प्रस्ताव आला. शारान्स्कीनं प्रकृती बरी नसल्याच्या कारणावरून सुटकेचा अर्ज करावा. गुन्हा कबूल करायचा नाही, माफी मागायची नाही. फक्त अर्ज. त्याची प्रकृती खरोखरच ढासळलेली होती, कारण पत्रव्यवहार बंद केल्याच्या निषेधार्थ त्यानं ११० दिवसांचं उपोषण केलं होतं. म्हणजे अर्जात लिहायचं ते खरंच होतं.

त्यानं नकार दिला. ज्यांनी आपल्याला खोट्या आरोपाखाली डांबलं, त्यांच्याकडे अर्ज करणं म्हणजे त्यांचा तो अधिकार मान्य करणं, अशी त्याची भूमिका.

मंडळी, मी या जागेवर बराच वेळ थांबलो आहे. मी त्याचा कमांडिंग ऑफिसर असतो तर सांगितलं असतं, बाबा रे, सही कर आणि ये. कागदाचं नंतर बघू. बाहेर बायको वाट बघतेय, म्हातारी आई आहे. आजही मी एखाद्याला तेच सांगेन. पण त्याचा नकार मला वेडेपणा वाटत नाही. मुत्सद्द्याला माणूस बाहेर काढायचा असतो. त्या माणसाला मात्र ज्यासाठी तो आत गेला ते वाचवायचं असतं. दोघांची उद्दिष्टं शेजारी शेजारी असतात, एक नसतात. त्या एका सहीपायी शारान्स्की आणखी अडीच वर्षं आत राहिला.

तिसरं हत्यार अदलाबदलीचं. डिसेंबर १९७६ मध्ये झुरिकच्या विमानतळावर सोव्हिएत बंदी व्लादिमीर बुकोव्स्की आणि चिलीच्या कम्युनिस्ट पक्षाचे नेते लुईस कोर्व्हालान यांची अदलाबदल झाली. बुकोव्स्कीला सोव्हिएत संघानं डांबलं होतं, कोर्व्हालानना पिनोशेच्या लष्करी राजवटीनं. एका तुरुंगानं दुसऱ्या तुरुंगाशी हिशेब केला. आमच्याकडे राजकीय कैदीच नाहीत म्हणणाऱ्या मॉस्कोला या व्यवहारानं अडचणीत टाकलं. एप्रिल १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर पाच सोव्हिएत कैदी उतरले, त्यांत गिन्झबर्ग होते. बदल्यात हेरगिरीबद्दल पन्नास पन्नास वर्षांची शिक्षा झालेले दोन सोव्हिएत हेर परत गेले. व्हाइट हाउसमधले ब्रेझिन्स्की आणि राजदूत डोब्रिनिन यांनी तो व्यवहार जुळवला होता.

या धंद्यातलं सर्वांत जाणतं नाव म्हणजे पूर्व बर्लिनचे वकील वोल्फगांग फोगेल. १९६२ मध्ये अमेरिकी वैमानिक पॉवर्स आणि सोव्हिएत हेर आबेल यांची अदलाबदल घडवण्यात त्यांचा हात होता. पुढे त्यांच्याच मध्यस्थीनं पश्चिम जर्मनीनं पूर्व जर्मनीच्या तुरुंगातले राजकीय कैदी अक्षरशः विकत घेतले. १९६३ ते १९८९ या काळात ३३ हजारांहून अधिक. मोबदला बराचसा मालाच्या रूपानं दिला जाई. माणसं सुटली हे खरं. पण पैसे मिळतात म्हटल्यावर पकडणाऱ्याला आणखी पकडायला कारण मिळतं, ही टीका तेव्हाही झाली आणि तिला उत्तर सोपं नाही.

आता या व्यवहारात शारान्स्कीची वेगळी अडचण अशी, की मॉस्को त्याला हेर म्हणत होतं. हेराच्या बदल्यात तो सुटला, तर आरोपच सिद्ध झाल्यासारखा. म्हणून अमेरिकेनं अट घातली, की त्याला वेगळं सोडायचं. पश्चिम बर्लिन आणि पॉट्सडॅम यांच्यामध्ये हाफेल नदी आहे. तिच्यावर ग्लिनिके नावाचा पोलादी पूल आहे. ११ फेब्रुवारी १९८६ च्या सकाळी तो आधी एकटा तो पूल ओलांडून आला. बाकीच्यांची अदलाबदल नंतर, वेगळी. पुलावर त्याला घ्यायला अमेरिकेचे राजदूत रिचर्ड बर्ट आले होते. आदल्या दिवशी पूर्व बर्लिनच्या विमानतळावर त्याला सांगितलं गेलं, की मोटारीपर्यंत सरळ रेषेत चालत जा. तो मुद्दाम वाकडातिकडा चालत गेला. जवळजवळ नऊ वर्षं तुरुंगात काढलेल्या माणसाचा हा हिशेब होता. संध्याकाळी तो इस्रायलला पोचला. १९७४ च्या जुलैमध्ये लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी देश सोडावा लागलेली अवितल बारा वर्षांनी त्याच्यासोबत होती.

लोक ही गोष्ट इथं संपवतात. मला ती इथं संपवता येत नाही, कारण १९८६ साल अजून बाकी आहे.

ऑगस्टच्या शेवटी मॉस्कोत अमेरिकी वार्ताहर निकोलस डॅनिलोफ यांना अटक झाली. त्याआधी आठवडाभर न्यूयॉर्कमध्ये एक सोव्हिएत हेर पकडला गेला होता. महिनाभर वाटाघाटी झाल्या. डॅनिलोफ सुटले, तो हेर परत गेला आणि त्याच सौद्यात यूरी ओर्लोव्ह यांचं नाव बसवलं गेलं. सात वर्षांची छावणी संपवून ते सैबेरियात याकुतियातल्या एका खेड्यात हद्दपारी भोगत होते. ५ ऑक्टोबरला ते न्यूयॉर्कला उतरले. ९ ऑक्टोबरला कवयित्री इरिना रातुशिन्स्काया सुटली. दोनच दिवसांनी आइसलंडच्या रेक्याविकमध्ये रेगन-गोर्बाचेव्ह भेट होती. मोठ्या भेटीआधी माणसं सुटतात, हे या धंद्यातलं वेळापत्रक आहे. यादी तयार ठेवून बसावं लागतं, कारण दार कधी किलकिलं होईल सांगता येत नाही.

आणि त्याच वेळी चिस्तोपोल तुरुंगात अनातोली मार्चेन्को उपोषणाला बसला होता. ४ ऑगस्टपासून. मागणी एकच, सगळ्या राजकीय कैद्यांची सुटका. नोव्हेंबरमध्ये व्हिएन्नात हेलसिंकीची तिसरी आढावा बैठक सुरू होणार होती आणि त्यानं आपलं म्हणणं त्या प्रतिनिधींना उद्देशून लिहिलं होतं. त्याचं नाव सगळ्यांना माहीत होतं, सगळ्या याद्यांत होतं. उपोषण ११७ दिवस चाललं. ८ डिसेंबर १९८६ रोजी तो तुरुंगात वारला. वय ४८.

आठवड्याभरानं, १५ डिसेंबरला, गोर्कीतल्या साखारोव्ह यांच्या घरी अचानक दूरध्वनी बसवला गेला. दुसऱ्या दिवशी तो वाजला. पलीकडे गोर्बाचेव्ह होते. तुम्ही मॉस्कोला परत येऊ शकता, असं त्यांनी सांगितलं. साखारोव्ह यांनी आभार मानले, आणि लगेच मार्चेन्कोच्या मृत्यूचा आणि तुरुंगातल्या बाकीच्यांचा विषय काढला. सात वर्षांनी मोकळ्या होणाऱ्या माणसानं आपल्या सुटकेच्या क्षणीसुद्धा यादी खाली ठेवली नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये सुमारे १४० राजकीय कैद्यांना सोडल्याचं जाहीर झालं. त्यांच्याकडूनही लेखी निवेदनं मागितली गेली. म्हणजे शारान्स्कीपुढे ठेवलेला तोच कागद, आता अनेकांपुढे. काहींनी लिहून दिलं, काहींनी नाही. मी त्यांतल्या कोणालाच कमी लेखणार नाही.

व्हिएन्नाची बैठक जानेवारी १९८९ पर्यंत चालली. मॉस्कोला मानवी हक्कांवरची परिषद स्वतःकडे भरवून प्रतिष्ठा हवी होती. पाश्चात्य देशांनी सांगितलं, की आधी कैदी सोडा, परदेशी रेडिओ अडवणं थांबवा, मग बोलू. या वेळी हातात देण्यासारखं काही होतं आणि ते वेळेआधी दिलं नाही. त्याचा परिणाम दिसला. १९८८ मध्ये युरोपीय संसदेनं साखारोव्ह यांच्या नावाचा पुरस्कार पहिल्यांदा दिला. तो दोघांना मिळाला. एक नेल्सन मंडेला, जे तेव्हा तुरुंगात होते. दुसरा मार्चेन्को, जो जिवंत नव्हता. डिसेंबर १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मानवी हक्क रक्षकांविषयीचा जाहीरनामा मंजूर केला. आज एखाद्या वकिलातीतला अधिकारी परक्या कोर्टाबाहेर उभा राहतो, तेव्हा त्याच्यामागे हा सगळा वारसा असतो.

पेच मात्र सुटलेला नाही. १ ऑगस्ट २०२४, हेलसिंकीला बरोबर ४९ वर्षं. तुर्कस्तानात अंकारा इथं २४ कैद्यांची अदलाबदल झाली. रशियाच्या तुरुंगातून आलेल्यांत मानवी हक्क कार्यकर्ते ओलेग ओर्लोव्ह होते, व्लादिमीर कारा-मुर्झा होते, इल्या याशिन होते. परत गेलेल्यांत बर्लिनमध्ये भरदिवसा खून केल्याबद्दल जन्मठेप झालेला मारेकरी होता. याशिन यांनी सुटल्यावर सांगितलं, की मी या अदलाबदलीला संमती दिली नव्हती, मला माझ्या देशातून हाकललं गेलं. पुन्हा तोच प्रश्न. माणूस महत्त्वाचा की त्याचं म्हणणं? आणि खुनी सोडून निरपराध मिळवला, तर पुढच्या खुन्याला काय संदेश गेला?

माझं मत विचाराल तर सांगतो. जिवंत माणूस परत मिळत असेल, तर मी सौदा करीन. त्यानं नकार दिला, तर त्याच्या नकाराचा मान ठेवीन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारीन. जाहीर बोलायचं की गुपचूप, हा वाद मला फारसा पटत नाही. जाहीर आवाजानं शारान्स्कीची शिक्षा टळली नाही, पण त्याच आवाजामुळे तो सौद्यात मोलाचा ठरला. गुपचूप बोलण्यानं ती सैबेरियातली कुटुंबं सुटली, पण ती तळघरात आहेत हे आधी जगाला माहीत होतं. दोन्ही हात लागतात. आणि दोन्ही हात असूनही मार्चेन्को गेला. जो म्हणेल मुत्सद्देगिरीनं सगळे सुटतात, त्याला हे एक नाव सांगा. जो म्हणेल काहीच होत नाही, त्याला बाकीची नावं वाचून दाखवा.

ही नावं आपल्यापर्यंत आली ती मॉस्कोतल्या अकरा माणसांनी कार्बन कागद लावून ती टाइप केली म्हणून. त्यांच्याकडे सैन्य नव्हतं, पैसा नव्हता. त्यांच्याकडे होता तो त्यांच्याच सरकारच्या सहीचा कागद, आणि तो खरा मानायची हिंमत.

जय हिंद.